चुकलेला रफार

पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या पेंटरचा खरा जीव रविवारच्या शब्दकोड्यात. पण त्या दिवशी सासरे मुलीकडे जेवायला येत आणि पेपर बळकावून बसत. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. मुलीने चौथी पास रंगाऱ्याशी लग्न केलं, तेव्हा ते तिकडे फिरकलेही नव्हते. पेंटर बिचारा त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून मनातल्या मनात कोडं सोडवी.

एका रविवारी सासऱ्यांचं घोडं अडलं. उभा शब्द, अर्थ ‘फिकीर’, दोन अक्षरं, दुसरं ‘वा’. तासभर डोकं खाजवूनही काही सुचेना.

शेवटी पेंटरला राहवलं नाही. “मामा, तिथे ‘पर्वा’ येतं. तुमचा आडवा शब्द चुकलाय. तुम्ही ‘आर्शिवाद’ लिहिलंय. शी दीर्घ, आणि रफार ‘वा’वर.”

“तुम्ही मला शुद्धलेखन शिकवणार, पेंटर?”

“चाळीस घरांच्या दारांवर रंगवलाय हा शब्द. रफार कुठे बसतो ते हाताला पाठ आहे.”

सासऱ्यांनी शब्दकोश उघडला, पाहिलं, मिटला. मग खोडरबर घेतलं आणि लग्नाला वीस वर्षं झाल्यावर स्वतःच्या हाताने जावयाला आशीर्वाद दिला, तोही शुद्ध.