अण्णांचा मूळ सूर

मंडळी, आज आईचा तेरावा झाला. पाहुणे गेले आणि बंगळूरमधल्या चामराजपेटच्या आमच्या घरात वडिलांनी, अण्णांनी, खणखणीत हाक मारली, "स्वल्प कॉफी दे ग!"

मी दचकलेच. घरात मोठा आवाज असायचा तो आईचा. अण्णांना मी जन्मभर हळूच बोलताना ऐकलेलं.

विचारलं, तर म्हणाले, "एकोणीसशे पासष्टच्या सुमारास मी काम करायचो त्या लॅबमध्ये अंगातून सतत बारीक वीज सोडणारे मासे होते. स्पीकरवर त्यांची गुणगुण ऐकू यायची. दोघांचे सूर फार जवळ आले, की दोघंही आपापला सूर थोडा बाजूला सरकवायचे. एकाला टाकीतून काढलं, की दुसरा मूळ सुरावर परत यायचा."

मग अगदी हळू म्हणाले, "मला नको होता ग माझा मूळ सूर परत."

मी त्यांच्या कपात कॉफी ओतली. तुम्ही काय म्हणाला असता?