कप्तानाच्या गाठी

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घ्यायला गेलो की जाळी विणणाऱ्या काकांपाशी थांबणं होतंच. पाय पसरून बसायचे, जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरायचे आणि फाटलेलं विणत राहायचे. बोलताना मान वर करायची नाही.

"कप्तानान् काल मारलान्," एवढंच सांगायचे.

कप्तान म्हणजे भारताच्या फुटबॉल संघाचा. त्यानं देशासाठी गोल मारला की मस्कतला नोकरीला असलेला यांचा मुलगा आनंदानं फोन करायचा. एरवी त्याचा फोन नसे. यांनी उभ्या जन्मात मॅच पाहिली नव्हती, पण खांबाला टांगलेल्या दोरीला दर गोलाची एक गाठ मारायचे.

कप्तान निवृत्त झाल्याची बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. देशासाठी इतके गोल मारणारे जगात मोजकेच आहेत, हेही हौसेनं सांगितलं. ते दोरीवरून हात फिरवत राहिले.

"आता दुसरा कोण मारील?"

"मारतील की, काका."

"पोराला दुसरा कोण आवडत नाय."

त्यानंतर बरेच महिने दोरी तशीच होती. परवा पाहतो तर टोकाला नवी गाठ.

"हा कुणाचा गोल, काका?"

"कुणाचा नाय. मीच फोन केला त्याला. म्हटलं, कप्तानान् मारलान् रे."

"मग? काय म्हणाला?"

हातातली सुई थांबली. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"'बरं,' म्हणाला. नि फोन ठेवलान्."