सायलेन्सरचं भोक

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंतच. पण वावरातली पाण्याची नळी कुठं फुटली हे मी नुसतं तिच्या कडेनं चालत जाऊन सांगतो. तेव्हा मोटरसायकलचा सायलेन्सर माझ्यापुढं काय मोठा लागून गेला, असं माझं म्हणणं होतं.

आमचं वावर नाचणगावजवळ. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचं आणि सकाळी पुलगावच्या बाजारात नेऊन विकायचं. गाडी मी चालवायची, बायकोनं मागं एका बाजूला पाय सोडून बसायचं, दुसऱ्या बाजूला सायलेन्सरच्या वर बसवलेल्या लोखंडी जाळीवर भाजीचं ओलं पोतं लटकवायचं. किती वर्षं असंच चाललं. त्या हिवाळ्यात गाडी एकदम फटफटायला लागली. दोन दिवसांनी एका गिऱ्हाइकीण बाईनं मेथीची जुडी नाकाला लावली आणि परत ठेवली.

"काकू, चुलीत ठेवली होती का भाजी?"

झालं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "पुलगावात तुमच्या आधी तुमचा आवाज पोचते. अन् भाजीले धुराचा वास. उद्यापासून मी ऑटोनं जातो, भाजीबी ऑटोनंच जाईन."

"अन् मी?"

"तुमी या न मांगून."

खरंच तसं झालं. ऑटोत बायको आणि माझी मेथी, मागून मी रिकाम्या गाडीवर फटफट करत. ऑटोतले लोक वळून वळून पाहायचे. एक जण ओरडला, "काकू, तुमचा बँड येऊन राह्यला मांगून!" ती हसली. ते मला लागलं. बाजारातही मला काही काम उरलं नाही. ऑटोवालाच पोतं उतरवून द्यायचा. मी आपला उभा, पाहुण्यासारखा.

मेकॅनिककडं गेलो. तो खाली वाकलासुद्धा नाही. मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, "काकाजी, सायलेन्सर गेला. नवा टाका."

"कुठून गेला थे दाखव."

"लीक हाये न कुठून तरी."

कुठून तरी! माणसानं गाडीवर पाना धरायचा आणि 'कुठून तरी' म्हणायचं? मी गाडी घेऊन निघालो ते परत त्याचं तोंड पाहायचं नाही असं ठरवूनच.

सायलेन्सरची नळी इंजिनला जिथं जोडलेली असते तिथली गॅस्केटची चकती मी स्वतः बदलली. आवाज तोच. गाडी तशीच चालू ठेवून साबणाचं पाणी आणलं. फवारणीच्या पंपाची नळी अशीच पाहतात. फेस लावायचा, जिथं फुगे येतील तिथं भोक. पण सायलेन्सर तापलेला. पाणी टाकलं की चर्र करून वाफ. फुगा नाही का काही नाही, वरून माझी बोटं भाजली.

बायको ओसरीवरून पाहत होती. "तवा तापला का पाहून राह्यले काय?"

मग मी सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली, म्हणजे धूर दुसरीकडून निघेल आणि कळेल. गाडी दोन उचक्या देऊन बंद.

"अवो, तिचं नाक-तोंड दाबलं तं ते मरनच न!"

"तुले समजते तं तू ये न!"

हे मी रागानं बोललो होतो. पण दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता आणि सकाळी गाडी थंडगार असताना ती खरंच आली, पदर खोचून. मी सगळ्या नळीवर फेस लावला, किक मारली. ती सायलेन्सरच्या तोंडावर ओली चिंधी धरून वाकली.

"पुरं दाबू नको. ढिला ठेव हात."

"ठेवला न. कितीदा सांगता?"

मी इंजिनजवळ पाहतो, फुगा नाही. सांध्याजवळ पाहतो, फुगा नाही. माझं डोकं फिरायला लागलं. तेवढ्यात ती म्हणाली, "अवो, माया पायाले फू फू लागून राह्यलं."

"पायाले कायचं लागते?"

"लागते म्हणतो न! खालून."

मी जमिनीला गाल लावून पाहिलं. सायलेन्सरच्या खालच्या अंगाला, जिथं वरून कोणालाच दिसत नाही तिथं, गंजाचा पापुद्रा सुटला होता आणि तुरीच्या दाण्याएवढं भोक फेस उडवत होतं. बरोबर त्याच्यावर आमची जाळी. जाळीवर रोज पोतं. विहिरीवर भिजवून तसंच पाणी गळत लटकवलेलं. ते पाणी तापल्या सायलेन्सरवरून ओघळून खाली साचायचं, आणि तिथंच तो सडला.

ती कितीतरी हिवाळे म्हणत होती, "पोतं पिळून बांधत जा." मी म्हणायचो, "पिळलं तं भाजी सुकते, तुले काय समजते."

आता ती भोकाकडं पाहत होती. मग जाळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. बोलली काहीच नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचं ठिगळ लावून आणलं. गाडी पहिल्यासारखी गुरगुरायला लागली. संध्याकाळी मी मुद्दाम ओसरीसमोरून दोन चकरा मारल्या. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"उद्या ऑटो सांगितला का?" मी विचारलं.

"पाहू सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठून विहिरीवर गेलो, पोतं भिजवलं, आणि आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हात दुखेपर्यंत पिळलं. भाजी बांधून गाडी दारात उभी केली. ती आली, पोत्याखाली हात धरून पाहिला, हात कोरडाच राहिला. तिनं तो पदराला पुसला तरी, आणि मागं बसली.