पंचाच्या डोळ्यांचा खुराक

माझी फजिती ऐकायचीय? मग तोंडातला चहा आधी गिळा. नाहीतर ठसका लागेल आणि नाव माझं होईल!

मुरगूडच्या कुस्ती मैदानात मी पंच होतो. तालीम सुटली, पण खाणं काही सुटलं नाही. त्यामुळं मी आखाड्यात उतरलो की पैलवानांना जागा कमी पडते. तर ऐन कुस्ती रंगात आली आणि माझ्या डोळ्यांपुढं धुकं! खाली कोण, वर कोण, काही कळेना. मी आपला अंदाजानं एकाचा हात वर केला.

चितपट झालेल्याचा!

लोक असे खवळले म्हणून सांगू! "ए पंच, घरला जा की!" मैदानाच्या कमिटीनं सांगितलं, डोळे नीट करून या, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा पंच बघू. अहो, त्या पंचाच्या फेट्यात माझा जीव अडकलाय! घरी येऊन मी चक्क रडलो.

तालमीतला जुना दोस्त बाजीराव धीर द्यायला आला. म्हणाला, "डोळ्यांत ताकद ऱ्हायली न्हाय तुझ्या. खुराक चालू कर की!"

पटलं! आमच्यात ताकद कमी पडली की खाऊन भरून काढायची, दुसरा इलाजच ठाऊक नाही. सकाळी बदामाची थंडाई, दुपारी तूप निथळणारा शिरा आणि संध्याकाळी दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. पाच मिनिटांत तांब्या रिकामा!

झालं काय? धुकं आणखी दाटलं, वर डोकं ठणकायला लागलं. मग मी काय केलं असेल? खुराक दुप्पट!

बायको म्हणाली, "अवो, शर्टाची बटणं तुटाय लागल्यात."

"तुटू देत! ताकद चढाय लागलीया."

शेवटी तिनंच मला डोळ्यांच्या दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. डोळ्यांत थेंब टाकले, उजेड मारून आत बघितलं आणि म्हणाल्या, "काका, जरा वजनकाट्यावर उभे राहा."

"मॅडम, डोळं दाखवाय आलोय. पोटाचा काय संबंध?"

"आहे ना! डोळ्यामागच्या नसेला सूज आलीय. आतल्या रक्तवाहिन्यांवरही ताण दिसतोय. वजन आणि बीपी, दोन्हीचा त्रास डोळ्यांना होतोय. आणखी तपासण्या करू, औषधही देते. पण वजन उतरवलं नाही, तर नजर कायमची जाऊ शकते."

"आन् ह्यांनी खुराक चालू केलाय!" बायकोनं सगळं ओकून टाकलं.

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "डोळ्यांसाठी? अजून खाल्लंत?"

"व्हय की," मी म्हणालो.

खरं सांगतो, मी घाबरलो. फेटा राहू दे, उद्या बायकोचा चेहरा दिसायचा नाही! मी हातच जोडले. "मॅडम, चुकलं माझं. आता तुम्ही सांगशीला तसं वागतो. एक घास इकडचा तिकडं करणार न्हाय. फकस्त एवढं सांगा, वजन लवकर उतरायला काय काय खाऊ?"