बनियन दिसतंय

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आबांना सांगायची गरज नव्हती, आणि आता ते नाहीतच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हाही भित्रेपणाच? असेल. जुनी सवय आहे माझी.

मी मालिकांसाठी कपडेपट सांभाळते. आडनावाच्या जागी गावाचं नाव लावते — भाजेकर. भाजेकर म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. मेकअपच्या बायका डबा उघडताना म्हणायच्या, "ये गं, तू आपल्यातलीच." मी जायचे. माझे आजोबा येसकर होते, गावाच्या वेशीची राखण करायचे. छप्पन साली बौद्ध झाले, तेव्हा त्यांनी येसकराची घुंगराची काठी चुलीत घातली. त्यानंतर आमच्या घरातलं कुणी कुणापुढं वाकलं नाही. आणि मी? नाव लपवून ताठ मानेनं फिरत होते. कसलं डोंबलाचं ताठ!

कार्ल्याजवळ एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरच्या मालिकेचं शूटिंग होतं. ती कादंबरी मी कॉलेजात तीनदा वाचलेली — दर वेळी पाटलाची धाकटी सून म्हणजे मीच. तिच्या दारात जोहार घालणारा येसकर मला कधी दिसलाच नाही. जोहार म्हणजे खालचे ठरवलेल्यांनी वाकून घालायचा नमस्कार. त्या माणसाला पुस्तकात नाव नव्हतं. पटकथेतही नुसतंच — येसकर.

गर्दीसाठी उर्से गावाकडून टेम्पो भरून माणसं आणली होती. त्यांत वाटेत चढलेले आबा — माझे वडील. रेल्वेतून निवृत्त, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. लेकीला काम करताना एकदा बघावं, एवढ्यासाठी आले होते. मला बघून हसले. मी मान वळवली.

आणि दिग्दर्शकाला नेमका तोच चेहरा आवडला. "ते उंच, काळे बाबा घ्या येसकराला."

आबा म्हणाले, "बाकी काय बी करीन. जोहार न्हाई घालायचा. माझ्या बापानं जाळलेली काठी मी हातात घिऊ व्हय?"

सहायक माझ्याकडं वळला. "ताई, तुम्ही इकडच्याच ना? समजवा की जरा." सगळे बघत होते. हे माझे वडील आहेत — चारच तर शब्द. मी म्हणाले, "काका, नाटकच आहे हो. नाव काय तुमचं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नावाचं काय, मॅडम," ते म्हणाले. "द्या ती काठी हिकडं."

माझ्याच हातांनी मी त्यांना घोंगडी पांघरली, गळ्यात काळा दोरा बांधला. बनियन काढा म्हणायचं धाडस मला झालं नाही. ते वाकले. "जोहार, मायबाप." पहिल्याच टेकला जमलं, टाळ्या पडल्या.

इथंच थांबले असते तर मी फक्त भित्री ठरले असते. पण — थांबा, सांगते. घोंगडीखालून बनियनची पांढरी कड दिसत होती. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मीच ओरडले, "बनियन दिसतंय!" का ओरडले? मला कुणी विचारलं होतं का? आबांनी सगळ्यांसमोर बनियन काढलं आणि पुन्हा वाकले, उघड्या पाठीनं.

घरी आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही. शूटिंगला गेल्याचंही त्यांनी आईला सांगितलं नाही.

मी माहेरी असताना एका रविवारी दुपारी तो भाग लागला. आई मेथी निवडत कौतुकानं बघत होती — लेकीनं निवडलेली लुगडी. पडद्यावर वेस दिसली तसे आबा उठून ओटीवर गेले आणि त्यांनी मेन स्विच पाडला. पंखा थांबला.

"लाईट गेली जनू," ते आत येत म्हणाले.

शेजारी टीव्ही चालूच होता. भिंतीपलीकडून आवाज आला — "जोहार, मायबाप."

आईचे हात थांबले. "आवाज वळखीचा वाटतुया."

"न्हाई," आबा म्हणाले. "वळखीचा न्हाई."

मी मेथीची जुडी पुढं ओढली आणि निवडायला लागले.