बुधरीचं हिरवं पोलकं

सावली गावच्या बाजारओळीमागे हुसेन टेलरचं घर होतं. पुढे दुकान, मध्ये गोणपाटाचा पडदा आणि पडद्यामागे त्याची बायको जैतूनबी. गावातल्या बायकांची पोलकी तीच बेतायची. टेप ती क्वचितच हातात घेई. बाई दारातून येऊन चटईवर बसेपर्यंत तिचा दंड, छाती, पाठीचा उतार जैतूनबीच्या डोक्यात बसलेला असे. "पाणी एकाच खांद्यावर वाहून राह्यली वाटते तू," असं ती सांगायची, आणि ते खरं निघायचं. इतक्या अंगांची माहिती असलेली ही बाई स्वतः मात्र चौदाव्या वर्षापासून बुरख्याशिवाय पडद्याबाहेर आली नव्हती.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स मार्थाबाई तिच्याकडे आल्या. नगरकडच्या बाई, मनगटापर्यंत बाह्यांचं पांढरं झंपर, डोक्यावर पदर. एटापल्लीच्याही पुढे, माडिया आदिवासींच्या एका गावात मिशननं दवाखाना काढला होता.

"लग्न झालेल्या बायका तशाच येतात हो," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "कमरेला लुगडं, वर काही नाही. डॉक्टरांना मान वर करता येत नाही."

जैतूनबीच्या हातातली सुई थांबली. "आन् त्याहीचे नवरे?"

"नवऱ्यांना कोणी शिकवलंय?"

तीस पोलकी हवी होती, तिथेच जाऊन शिवायची, आणि त्या कामाला पुरुष शिंपी चालणार नव्हता. हुसेननं दोन दिवस विचार केला. बायकांचं काम, बरोबर बाईमाणूस, शिवाय पुण्यकर्म. "बुरखा उतरवू नको म्हणजे झालं," तो म्हणाला.

"हे का सांगाची गोष्ट आहे?" जैतूनबी म्हणाली. तिला रागच आला.

वैनगंगा डोंग्यातून ओलांडून, पुढे लाकडाच्या ठेकेदाराच्या ट्रकमधून, मांडीवर मशीनचं डोकं घेऊन ती त्या गावात पोचली. पहिले दोन दिवस तिनं जमिनीकडे बघूनच काढले. विहिरीवर, वाटेवर, धान कांडताना, सगळीकडे उघड्या पाठी, उघड्या छात्या आणि गळ्यात मण्यांच्या माळा. पुरुष त्यांच्याशी बोलत होते, हसत होते, बैल हाकत होते. कोणाची नजर कुठे अडत नव्हती. अडत होती ती पायापासून डोक्यापर्यंत झाकलेल्या जैतूनबीवर. ती जाईल तिथे माणसं कामं थांबवून बघत.

बुधरी नावाची पोरगेली सून मात्र रोज येऊन मशीनजवळ बसे. तीन महिन्यांचं लेकरू छातीशी, ते याच दवाखान्यात झालेलं. एटापल्लीच्या बाजारामुळे तिला तोडकं मराठी येई. तिसऱ्या दिवशी तिनं सरळ हात घालून जैतूनबीचा नकाब उचलला आणि आत डोकावली.

"लगन झाला तुह्या?"

"झालं ना."

"मंग हे काऊन? काय गुन्हा केलीस?"

जैतूनबीला हसू आलं. "गुन्हा नाई वो. इज्जत आहे."

"तोंडाले?"

"आन् तुह्या छातीले नाई का?"

बुधरीनं लेकराकडे पाहिलं. "छाती याची आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा मशीनच्या चाकाकडे बघत बसली.

तीस पोलकी शिवून होईपर्यंत जैतूनबीला त्या पोरीची माया लागली होती. स्वतःच्या पेटीतला हिरवा तुकडा काढून तिनं बुधरीसाठी एक पोलकं शिवलं. पाजायला सोपं जावं म्हणून पुढून पाच बटणं. बुधरीनं ते गालाला लावलं.

"लगनाच्या पयले मले होता असा. लाल. लगनाच्या दिवशी काढला."

"काऊन?"

"लगन झाला ना."

जैतूनबीनं मनाशी अर्थ लावला: सासरचे गरीब, काढून घेतलं असेल, नणंदेला दिलं असेल. तिला गलबलून आलं. "घाल ना वो बाई, तुयासाठीच शिवलं मी." तिनं स्वतःच्या हातांनी बुधरीचे दंड बाह्यांत घातले, पाचही बटणं लावली. पाहुणीच्या हातातून आलेल्या वस्तूला नाही म्हणणं बुधरीला जमलं नाही. की तिलाही एकदा घालून पाहायचं होतं, कोण जाणे. पोलकं असं बसलं होतं की मार्थाबाईंनी हात जोडले. बुधरी घराकडे निघाली तेव्हा वाटेवरचे दोन पुरुष पाठ फिरवून उभे राहिले, ते जैतूनबीनं पाहिलं. तिला वाटलं, बघा, एका दिवसात अदब आली.

सकाळी बुधरी दवाखान्याच्या पायरीशी बसलेली होती. पोलकं अंगावर, लेकरू जवळ नाही. पुढून कापड दुधानं भिजलं होतं.

सासूनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. लग्नानंतर पोलकं घालणारी बाई नवरा सोडून निघाली, असं त्या गावात मानत. घर सोडलेल्या बाईचं दूध घरच्या लेकराला चालत नव्हतं. कालपासून ते पेजेच्या पाण्यावर होतं आणि पाणीही ओकत होतं.

"मंग काढ ना ते," जैतूनबी म्हणाली.

बुधरीनं मान हलवली. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं, सगळ्यांपुढे. गायता, म्हणजे गावचा मुखिया, तसं म्हणाला होता.

"काढू नका," मार्थाबाई म्हणाल्या. "आज माघार घेतली तर ही तीसही पोलकी पेटीतच राहतील. चार दिवसांत ते लोक निवळतील."

"चार दिवस लेकरू जगन का, बाई?" जैतूनबीनं विचारलं.

मार्थाबाई वाटेतून बाजूला झाल्या. त्यांनीच त्या लेकराची नाळ कापली होती.

गोटुलापुढच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घरापुढच्या, मोकळ्या जागेत सगळं गाव जमलं होतं. चैतू गायता म्हातारा, किडकिडीत माणूस. त्यानं जैतूनबीकडे पाहिलं आणि बुधरीशी माडियात काही बोलला. बुधरीनं खाली मान घालून सांगितलं, "तोंड पायजे म्हणते. काया कपड्यात कोणीबी राह्यते म्हणते."

जैतूनबीसमोर तीसचाळीस पुरुष होते. हुसेनचं वाक्य कानात होतं. एका घराच्या कुडामागून लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता. रडणं कसलं, मांजरीच्या पिल्लासारखं बारीक काहीतरी. तिनं डोळे मिटले आणि नकाब डोक्यावर टाकला.

डोळे उघडले तेव्हा समोर नुसत्या पाठी होत्या. सगळे पुरुष तोंड फिरवून उभे. गायतासुद्धा. या लोकांनी आपली लाज राखली, म्हणून तिला भरून आलं. तिनं पाच बटणं काढली, ओल्या बाह्या ओढून काढल्या. बुधरीचं अंग उघडं झालं.

आणि सगळे पुरुष वळले.

गायता बुधरीकडे सरळ बघून, घरातल्या लेकीशी बोलावं तसं काहीतरी बोलला आणि ती कुडाकडे धावत सुटली. कोणी बिडी पेटवली, कोणी बैलाकडे गेलं. हिरवं पोलकं हातात घेऊन जैतूनबी उघड्या तोंडानं मध्ये उभी होती. तिच्या तोंडाशी कोणाचं काही देणंघेणं नव्हतं. पाठ फिरवली होती ती पोलक्याकडे. तिनं शिवलेल्या, पाच बटणांच्या, चांगल्या घरच्या बाईनं घालावं अशा पोलक्याची त्यांना लाज वाटली होती.

नकाब खाली घ्यायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.

आठ दिवस बसून तिनं तीसच्या तीस पोलकी उसवली आणि त्यांची लेकरांची झबली केली. मार्थाबाई तिच्याशी बोलल्या नाहीत, पण उसवलेले धागे त्याच गोळा करत होत्या. निघताना बुधरी ट्रकपर्यंत आली. लेकरू छातीशी लागलेलं होतं.

घरी हुसेननं मशीन उतरवून घेतलं. हातपाय धुवून झाल्यावर त्यानं विचारलं, "कोणी पाह्यलं तर नाई ना तुले?"

"नाई," जैतूनबी म्हणाली. "कोणीच नाई पाह्यलं."

ते अगदी खरं होतं. ती पडद्यामागे जाऊन बसली. संध्याकाळी कुंभारणीची सून पोलक्याचं माप द्यायला आली. जैतूनबीनं तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा टेप शोधायला उठली.