जबल अलीतला कूळकायदा

मुलीच्या कॉलेजसाठी बायको आणि मुलगी पुण्याला परत गेल्या, तेव्हा विमानतळावर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "माझी काळजी करू नका, मी इथे मजेत राहीन." मजा आठवडाभर टिकली. मग मी फ्रिजशी बोलायला लागलो. दही संपलं की त्याच्यावर चिडायचो. शनिवारी सकाळी डोळे उघडले की आज दिवसभर बोलायचं कुणाशी, हा प्रश्न छातीवर येऊन बसायचा. बायकोला हे सांगण्याची सोय नव्हती, कारण मजेत राहीन असं मीच म्हणून बसलो होतो.

मी दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामात वेलदोडे तपासतो. अरबी कॉफीला वेलदोडा लागतोच, आणि आमच्याकडचा बहुतेक माल येतो ग्वाटेमालातून. पोत्यातून मूठभर नमुना काढायचा, पांढऱ्या ताटात पसरायचा, रंग बघायचा, बोंड नखानं फोडून आतले दाणे काळे आणि चिकट आहेत ना ते पाहायचं. मालाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा तिकडच्या निर्यातदारानं आपला एक माणूस आमच्याकडे आणून बसवला. साठी ओलांडलेला, बुटका, अतिशय कमी बोलणारा. वास घेऊन तो पोतं कुठल्या डोंगरावरचं ते सांगायचा. मी पहिल्या दिवशी मनात म्हटलं, थापा मारतोय. थापा नव्हत्या.

आम्ही दोघं नमुन्यांच्या खोलीतच जेवायचो. त्याच्या डब्यात काळा घेवडा आणि मक्याची पातळ भाकरी, माझ्या डब्यात मटकीची उसळ आणि पोळी. महिन्याभरात डबे एकमेकांकडे सरकायला लागले. त्याचं इंग्रजी मोडकं आणि माझं ऑफिसपुरतं, त्यामुळे दोघांनाही खोटं बोलणं अवघड जायचं. त्याच्या तोंडूनच मी त्यांच्या राष्ट्राध्यक्षाची गोष्ट ऐकली, एकदम नाही, चार-पाच महिन्यांत, जेवता जेवता.

त्याचे वडील एका कॉफीच्या मळ्यावर राबायचे. मळा एका मालकाचा, डोंगरच्या डोंगर त्याचे, निम्मे नुसते पडून. मग हा राष्ट्राध्यक्ष निवडून आला. लष्करातला माणूस, पण त्यानं कायदा केला की मोठ्या मालकांची पडीक जमीन मोजायची, मोबदला द्यायचा आणि राबणाऱ्यांना वाटायची. स्वतःच्या जमिनीतलीही त्यानं दिली. वडिलांना डोंगरउतारावरचा एक तुकडा मिळाला, तसा सरकारी कागद मिळाला. त्यांनी एक पीक काढलं. तिथल्या केळीच्या बागा एका बड्या अमेरिकन कंपनीच्या होत्या, तिचीही पडीक जमीन त्या कायद्यात गेली होती. अमेरिकेनं त्या माणसाला कम्युनिस्ट ठरवलं, बंडखोरांना पैसा, बंदुका आणि विमानं पुरवली. दुकानदाराच्या रेडिओवर राष्ट्राध्यक्षाचं राजीनाम्याचं भाषण लागलं तेव्हा वडील मीठ आणायला गेले होते. देश सोडून जाताना विमानतळावर राष्ट्राध्यक्षाला झडतीच्या नावाखाली कपडे उतरवायला लावले, फोटोवाल्यांच्या देखत. एवढं सांगताना त्याचे वडील नेहमी दाराबाहेर बघायचे, म्हणे. जमिनीचे कागद रद्द झाले.

मी भयंकर चिडलो. घरी येऊन व्हिडिओ कॉलवर बायकोला सगळं सांगितलं, अमेरिकेला चार शिव्याही घातल्या. ती म्हणाली, "अहो, ते सगळं खरं, पण तुम्ही जेवलात का?" मी जेवलो नव्हतो, पण बऱ्याच महिन्यांनी कशानं तरी तावातावानं बोलत होतो. तो माणूस माझा मित्र झाला होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, परक्या मुलखात. मला त्याचा अभिमान वाटायचा.

म्हणूनच त्याला मी अबू धाबीतल्या खलिफा सिटीला घेऊन गेलो. तिथे माझ्या जुन्या कंपनीतला एक मित्र सहकुटुंब राहतो, महिन्यातून एकदा माझ्यावर दया येऊन जेवायला बोलावतो. त्याच्या बायकोनं दारातच विचारलं, "भावजी, तुमच्या फ्रेंडना तिखट चालतं ना? नाहीतर सेपरेट काढून ठेवते." मग भरली वांगी झाली, मसालेभात झाला, आणि मित्रानं मुळशीला घेतलेल्या प्लॉटचा विषय निघाला. जमिनीवरून जमीन निघाली. मित्र मला म्हणाला, "अरे, तुमची पण चिपळूणकडे होती ना? तो कोटवाला किस्सा सांग ना सरांना. इंग्लिशमध्ये सांग."

आमच्या घराण्याचा हा ठेवणीतला किस्सा. जमीन गेली, पण किस्सा राहिला. लग्नकार्यात तो वडील सांगायचे, मग काका, आता मी. कूळकायदा आला, 'कसेल त्याची जमीन' झाली, आणि आमच्या कुळानं आजोबांनीच दिलेला जुना कोट अंगात घालून मामलेदार कचेरी गाठली. बाह्या गुडघ्यापर्यंत. बावीस एकर स्वतःच्या नावावर करून घेतले आणि बाहेर येऊन आजोबांच्याच पाया पडला! मी खुर्चीतून उठून त्या कुळाची चाल करून दाखवली, बाह्या सावरत वाकून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

माझा पाहुणा हसला नव्हता. त्यानं हळूच विचारलं, "तो घाबरला होता का?"

"कोण?"

"कोट घातलेला माणूस. पाया पडला तेव्हा."

मी म्हणालो, "छे हो, नाटकी होता तो." आमच्या घरात असंच म्हणतात. त्यानं मान हलवली आणि ताटातला भात संपवला. परतीच्या रस्त्यावर अबू धाबीची हद्द सुटता सुटता मला कळलं की मी काय केलंय. इतके महिने मी त्याच्या वडिलांच्या बाजूनं भांडत होतो. ग्वाटेमालातला कूळकायदा मला पटला होता, चिपळूणचा पटला नव्हता. आणि या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी राहत होत्या, पण त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

सोमवारपासून तो आपल्या टेबलावर जेवायला लागला. मी नमुन्यांच्या खोलीत एकटा. हा माणूस गेला तर माझ्याशी बोलणारं इथे कुणी उरत नव्हतं, हे मला दर घासाला समजत होतं. आठ दिवस मी कळ काढली. मग त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. मला तो किस्सा सांगायला नको होता."

त्यानं मला बसायला सांगितलं. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"राष्ट्राध्यक्ष गेल्यावर मालक परत आला," तो म्हणाला. "माझे वडील टोपी काढून त्याच्याकडे काम मागायला गेले. गुडघ्यांवर बसले. मालकानं काम दिलं. वाईट माणूस नव्हता तो. पण पुढे कितीतरी वर्षं, पाहुणे आले की तो ही गोष्ट सांगायचा. वडील कसे आले, कसे बसले, काय बोलले. माझी आई त्याच्याकडे स्वयंपाकाला होती. ती वाढत असायची."

त्यानं टेबलावरचा डबा बाजूला सारला.

"आई घरी येऊन एवढंच म्हणायची, आज परत हसले. ते कसे हसत असतील, हे मला लहानपणापासून बघायचं होतं," तो म्हणाला. "आता पाहिलं."

त्यानंतर त्याचा करार संपेपर्यंत पाच महिने आम्ही शेजारी बसून काम केलं. तो रोज सकाळी मला नमस्कार करायचा, तब्येत विचारायचा, माझ्यासाठी दार धरायचा. मालकाशी वागावं तसं तो माझ्याशी अगदी नीट वागायचा.